झडती : हाताची आणि लहरींची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कपड्याआड दडवलेल्या वस्तूची मराठी माणसाला पाठ असलेली गोष्ट म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याची भेट. तारीख १० नोव्हेंबर १६५९. शिवाजीराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, मंदिलाखाली शिरस्त्राण होते आणि मुठीत वाघनखे होती, हे आपण शाळेत चौथीच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. भेट ठरवताना दोन्ही बाजूंच्या वकिलांनी बारीकसारीक अटी घातल्या होत्या. भेट कुठे व्हायची, बरोबर अंगरक्षक किती, ते किती अंतरावर उभे राहायचे, सारे ठरले होते. पण एवढ्या मातब्बर माणसांच्या अंगाला हात लावून झडती घेणार कोण? ते रिवाजाला धरून नव्हते. मग आलिंगन हीच काय ती झडती ठरली, आणि खानाच्या कट्यारीचा वार चिलखतावर खरखरला तेव्हाच आत काय आहे ते त्याला कळले.

साडेतीनशे वर्षे उलटून गेली, तरी प्रश्न तोच आहे. समोरच्या माणसाच्या कपड्याखाली काय आहे, हे त्याला हात न लावता आणि त्याचा मान न दुखवता कसे ओळखायचे? आज त्यावर एक उत्तर तयार आहे. माणसाने एका चौकटीत हात वर करून क्षणभर उभे राहायचे. रडारच्या जातीच्या अतिसूक्ष्म लहरी कपड्यातून आरपार जातात, अंगावरून परततात आणि पडद्यावर खूण उमटते की, डाव्या खिशापाशी काही आहे. या यंत्राला आपण बॉडी स्कॅनर म्हणतो. त्याची कुळकथा आणि त्याआधीच्या झडतीची कथा आज सांगायची आहे. त्यातला बराच भाग आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखातून जातो.

आडोसा रानाचा

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोगलांची फौज घेऊन घाटावरून कोकणात उतरत होता. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट रान. त्या रानात मराठ्यांचे सैन्य लपले होते. फौज खिंडीत शिरली, पुढची आणि मागची वाट बंद झाली आणि खानाला सारे सामान टाकून, खंडणी देऊन निघून जावे लागले. बरोबरच्या रायबागन या अनुभवी सरदार बाईंनी त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला, असे सांगतात.

युद्धशास्त्रात या लढाईचे महत्त्व वेगळे आहे, ते इथे बाजूला ठेवू. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की, लपणाऱ्याला आडोसा पुरतो आणि शोधणाऱ्याला आडोशापलीकडे पाहणारी नजर लागते. ती नजर नव्हती तोवर शोधणाऱ्यापुढे एकच मार्ग होता. जवळ जायचे आणि हाताने चाचपायचे.

मोहाची फुले आणि सरकारी हात

इंग्रजी अमदानीत हा चाचपणारा हात गावोगाव पोहोचला, तो अबकारी खात्याचा. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. दारू गाळणे आणि विकणे हे सरकारी परवान्याचे काम झाले. पण कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपट्टीत मोहाची झाडे उदंड. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलांचा सडा पडतो. ठाकूर आणि कातकरी बायामुले ती वेचतात, वाळवतात आणि पावसाळ्याच्या तंगीत खातात. त्याच फुलांची दारूही होते. सरकारला फुलात अन्न दिसले नाही, बुडणारा महसूल दिसला. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा केला. फुले बाळगणे आणि वाहून नेणे यांवर निर्बंध आले. कर्जत तालुका आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, ठाण्यातून काढून कुलाब्यात घातला होता. म्हणजे जिल्हा बदलला तरी कायद्यातून सुटका दोन्हीकडे नव्हती.

झडतीच्या इतिहासातले पहिले सत्य इथे दिसते. झडती कुणाची होणार, हे वस्तूवरून ठरत नाही. कुणाच्या अंगाला हात लावला तर चालतो, यावरून ते ठरते. प्रतापगडावर दोन बड्यांची झडती कुणी घेतली नाही. डोंगरातल्या बाईच्या टोपलीत आणि ओट्यात मात्र सरकारी शिपायाला पाहता येत होते. मोहफुलांवरचे हे निर्बंध स्वातंत्र्यानंतरही राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०२१ साली बरेचसे सैल केले.

लोकलमधले रबरी फुगे

१९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. लगोलग चोरट्या दारूचा धंदा उभा राहिला. मुंबईच्या आसपासच्या खेड्यांत आणि खाड्यांच्या कडेला भट्ट्या लागू लागल्या, आणि माल शहरात न्यायला रेल्वेसारखे साधन नव्हते. बाटली वाजते, फुटते आणि कपड्याबाहेर उठून दिसते. म्हणून माल भरला जाई रबरी ब्लॅडरमध्ये किंवा टायरच्या ट्यूबमध्ये. ती कमरेभोवती गुंडाळून वरून लुगडे किंवा धोतर नेसायचे. अंगाच्या उबेने गरम झालेली ती दारू मुंबईच्या गुत्त्यात उतरायची. त्या काळाच्या आठवणी सांगणाऱ्यांच्या बोलण्यात हा फुगा हमखास येतो.

रबर आणि द्रव या दोन्हींत धातू नाही. पुढे आलेल्या धातुशोधक चौकटीतून अशी शंभर माणसे गेली असती तरी ती चौकट गप्पच राहिली असती. रडारच्या लहरींच्या चौकटीत मात्र कमरेभोवतीचे ते कडे लगेच दिसले असते. चोरट्या दारूच्या जागी द्रवरूप स्फोटक आहे अशी कल्पना केली की, विसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला नव्या यंत्राची गरज का वाटली हे कळते.

सोन्याची बिस्किटे आणि १०३ वे कलम

दारूमागून सोने आले. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले, १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला. मधल्या काळात चोरट्या सोन्याचे माप होते दहा तोळ्यांचे बिस्किट. वजन सुमारे ११६ ग्रॅम. आकार एवढा लहान की तळहातात झाकावा. खास शिवलेल्या जाकिटाच्या ओळीने केलेल्या कप्प्यांत ती बिस्किटे घालून माणसे विमानाने आणि बोटीने येत. शंभर बिस्किटे अंगावर बाळगली तर वजन साडेअकरा किलोंच्या वर जाते. एवढे ओझे घेऊन सहज चालल्यासारखे दाखवणे हीच त्या धंद्यातली कला. कस्टमचे मुरलेले अधिकारी म्हणे प्रवाशाच्या चेहऱ्याआधी त्याच्या चालीकडे पाहत.

१९६२ चा सीमाशुल्क कायदा या संदर्भात मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याच्या १०० व्या आणि १०१ व्या कलमांनी अंगझडतीचा अधिकार दिला. १०२ वे कलम त्या अधिकाराला वेसण घालते. झडतीआधी मला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्या, असे म्हणण्याचा हक्क ते प्रवाशाला देते, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी असे बजावते. त्यापुढचे १०३ वे कलम तर त्या काळाच्या मानाने नवलाचे. शरीराच्या आत माल दडवल्याचा संशय असेल, तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने आणि जाणकार क्ष-किरणतज्ज्ञाकडूनच माणसाची क्ष-किरण तपासणी करता येईल, अशी त्याची मूळ तरतूद होती. माणसाच्या शरीरात यंत्राने डोकावायचे तर आधी न्यायासनाची परवानगी हवी, हे आपल्या देशाने १९६२ सालीच लिहून ठेवले होते.

त्याच्याही आधी, १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५२ व्या कलमात एक छोटे वाक्य होते. स्त्रीची झडती घ्यायची झाल्यास ती दुसऱ्या स्त्रीने, सभ्यतेचे काटेकोर भान ठेवून घ्यावी, असा त्याचा आशय. १९७३ च्या संहितेत ते ५१ व्या कलमात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४९ व्या कलमात आहे. राज्य बदलले, संहितेचे नाव बदलले, पण सभ्यतेची अट टिकून राहिली.

कायद्याची ही सभ्यता गिरणीच्या फाटकापर्यंत मात्र फारशी पोहोचली नाही. पाळी सुटली की कामगारांनी रांगेने फाटकाशी यायचे, हात वर करायचे आणि पहारेकऱ्याने अंग चाचपायचे, हा गिरणगावातला रोजचा शिरस्ता होता. सुताची गुंडी किंवा कापडाचा तुकडा बाहेर जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी गेलेल्या हजारो माणसांना, आपण चोर नाही हे रोज हात वर करून दाखवावे लागे.

राष्ट्राध्यक्षांची गादी

आता यंत्रांकडे वळू. अंगाला हात न लावता धातू शोधण्याचा एक गाजलेला प्रयत्न १८८१ साली अमेरिकेत झाला. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली होती आणि ती शरीरात कुठे अडकली आहे हे डॉक्टरांना सापडत नव्हते. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले विजेच्या वेटोळ्यांचे यंत्र घेऊन आले. धातू जवळ आला की यंत्राच्या श्रवणनळीत आवाज व्हायचा. पण गोळी काही सापडली नाही. बिछान्यातल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला चकवले, असे त्याचे एक कारण सांगतात. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष वारले.

तत्त्व मात्र टिकले. आज मॉलच्या, मंदिराच्या, स्थानकाच्या दाराशी असलेली धातुशोधक चौकट म्हणजे बेलच्याच यंत्राचे वंशज. चौकटीतल्या वेटोळ्यांतून बदलता प्रवाह सोडतात. त्याने धातूत प्रवाह निर्माण होतो आणि तो चौकटीला जाणवतो. विमानांच्या अपहरणाचे सत्र सुरू झाल्यावर, १९७० च्या दशकात या चौकटी जगभरच्या विमानतळांवर आल्या. आपल्याकडे १९७१ आणि १९७६ सालच्या अपहरणांनंतर बंदोबस्त वाढला. १९८५ च्या कनिष्क विमानाच्या घातपातानंतर, १९८७ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरो हा स्वतंत्र विभाग झाला. कंदाहार प्रकरण घडले १९९९ च्या डिसेंबरात. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली.

या चौकटीचा मोठा दोष असा की, तिला धातूखेरीज काहीच कळत नाही. किल्ली, पट्ट्याचे बक्कल, मंगळसूत्राच्या वाट्या आणि सुरी यांत ती फारसा फरक करत नाही, आणि प्लॅस्टिक, चिनी माती किंवा स्फोटकाची भुकटी तिच्या गावीही नसते. म्हणून चौकटीमागे पुन्हा माणसाचा हात लागतोच. भारतातल्या विमानतळांवर बायकांसाठी आडोसा केलेली जागा असते, ती याच कारणाने.

१८९५ : दोन शोध

अंगाच्या आतले पाहणारे क्ष-किरण विल्हेल्म रंटजेन यांना जर्मनीत ८ नोव्हेंबर १८९५ रोजी दिसले. जगभर गाजावाजा झाला. योगायोग असा की, त्याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस दुसऱ्या टोकाच्या अदृश्य लहरींवर काम करत होते. हर्ट्झ यांनी प्रयोगात दाखवलेल्या विद्युत्चुंबकीय लहरी बोसांनी आखूड करत करत पाच मिलिमीटरपर्यंत आणल्या. टाउन हॉलमधल्या जाहीर प्रयोगात या जातीच्या लहरी लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहाचा आणि भिंतींचा अडसर पार करून गेल्या आणि पलीकडची घंटा वाजली. अशा लहरी पाठवायला आणि टिपायला लागणारी शिंगाच्या आकाराची नळकांडी, भिंगे, स्फटिकाचे ग्राहक ही सामग्री बोसांनी स्वतः घडवली. आजच्या बॉडी स्कॅनरच्या लहरी याच मिलिमीटरच्या घरातल्या आहेत.

लहरींच्या लांबीचा अंदाज यावा म्हणून नभोवाणीचेच उदाहरण घ्या. मध्यम लहरींवरचे केंद्र ऐकता तेव्हा येणाऱ्या लहरीची लांबी शेकडो मीटर असते. एफएमची सुमारे तीन मीटर. बोसांची लहर तांदळाच्या दाण्याएवढी. लहर जेवढी आखूड, तेवढी तिने टिपलेली आकृती रेखीव.

रडारचा जन्मही नभोवाणीच्या अंगणातला आहे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी डॅव्हेंट्रीच्या बीबीसी केंद्रातून निघणाऱ्या लघुलहरींचा उपयोग केला. आकाशात एक बाँबफेकी विमान घिरट्या घालत होते. त्यावरून परतलेल्या लहरी जमिनीवरच्या ग्राहकाने टिपल्या. बातम्या आणि गाणी वाहून नेणारी लहर लपलेले विमानही दाखवू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. युद्धात रडार वाढले, लहरी सेंटिमीटरवर आल्या, पुढे मिलिमीटरवर आल्या.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरी या प्रयोगशाळेने तेथील विमानवाहतूक खात्यासाठी एक काम हाती घेतले. विमान शोधणारे रडार लहान करून माणसाच्या अंगावरची वस्तू शोधायची. माणसाभोवती फिरणाऱ्या अँटेना लहरी सोडतात, परतलेल्या लहरींचा जोर आणि त्यांना लागलेला सूक्ष्म वेळ यांची नोंद करतात, आणि संगणक त्या नोंदींतून त्रिमिती चित्र बांधतो. सुती, लोकरी किंवा रेशमी कापड या लहरींना जवळपास पारदर्शक असते. त्वचेत पाणी भरपूर, त्यामुळे लहर तिथून परतते किंवा मिलिमीटरच्या आतच विरते. धातूवरून ती झळाळून परतते. प्लॅस्टिक, रबर, भुकटी, द्रव यांवरून ती त्वचेहून वेगळ्या तऱ्हेने परतते, आणि तो फरकच त्यांना उघडे पाडतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. या लहरी म्हणजे क्ष-किरण नव्हेत. त्यांत पेशीतल्या रेणूंची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा नसते, आणि यंत्राची ताकद मोबाइल फोनहून कितीतरी कमी असते. क्ष-किरण परतवून चित्र काढणारी वेगळी यंत्रे अमेरिकेत काही काळ होती. ती २०१३ मध्ये तेथील विमानतळांवरून हटवली गेली. आणि रडारच्या लहरी त्वचेआड शिरत नसल्याने पोटात गिळलेले सोने त्यांना दिसत नाही. त्यासाठी अजूनही ते जुने १०३ वे कलमच कामी येते.

जरीचा काठ आणि पडद्यावरची बाहुली

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर २००९ रोजी, ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेले स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. स्फोट झाला नाही, विमान वाचले. धातुशोधकाला ते दिसणे शक्यच नव्हते. यानंतर स्कॅनरची मागणी एकदम वाढली आणि तक्रारही तेवढीच वाढली. कारण सुरुवातीच्या यंत्रांच्या पडद्यावर माणसाचे शरीर जवळजवळ विवस्त्र दिसे. हात लागत नव्हता, पण नजर लागत होती. आपल्या आजीला विचारले असते तर या दोन्हींत फार फरक आहे असे ती म्हणाली नसती.

उपाय निघाला तो संगणकाच्या मदतीने. २०११ पासून अमेरिकेतल्या यंत्रांत अशी व्यवस्था आली की, चित्र कुणा माणसाला दाखवायचेच नाही. संगणक स्वतः पारखतो आणि पडद्यावर सर्वांसाठी एकसारखी असलेली रेखाटलेली बाहुली दाखवतो. संशयाच्या जागी फक्त चौकोन उमटतो. हात लावायचा तो तेवढ्याच जागी.

भारतात नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील विमानतळांना मार्च २०२० पर्यंत असे स्कॅनर बसवायला सांगितले. ती मुदत पाळली गेली नाही. २०२२ मध्ये नव्याने सूचना निघाल्या आणि वर्षाला एक कोटीहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांना २०२३ अखेरची मुदत मिळाली. मे २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर ७० ते ८० गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे चार मिलिमीटर लहरींच्या यंत्रांची चाचणी सुरू झाली. आपल्या रायगड जिल्ह्यात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, आणि डिसेंबरात तिथून विमाने उडू लागली. कर्जत-खालापूरच्या माणसाला विमानतळ शेजारचा झाला. म्हणजे हा प्रश्नही शेजारी आला.

आपल्या पेहरावाचा प्रश्न या यंत्रांपुढे खराच आहे. ती प्रथम घडली कोट-पँटच्या मुलखात. साडीच्या निऱ्या, नऊवारीचा काष्टा, फेटा, पगडी, यांत कापडाचे पदरावर पदर असतात. एका पदरातून लहर सहज जाते, पण दहा पदरांच्या घडीत प्रत्येक थरावरून थोडी थोडी परतत राहते. काठाला खरी जर असेल तर ती धातूचीच. बोसांनी आपल्या प्रयोगांत रेल्वेचे जाडजूड ब्रॅडशॉ वेळापत्रक घेऊन पाहिले होते. पुस्तकाच्या पानांच्या थरांतून जाताना लहर कशी बदलते, आणि पानांच्या मध्ये धातूचा वर्ख घातला की कशी अडते, हे त्यांनी पाहिले. निऱ्या म्हणजे पानेच, आणि जर म्हणजे वर्ख. कोलकात्यातल्या त्या प्रयोगाचा धडा पैठणी नेसून विमानाला निघालेल्या बाईच्या कामाचा आहे, तो असा. चौकोन उमटला म्हणून तिने ओशाळू नये आणि तपासणाऱ्या शिपाईणबाईने संशयाने पाहू नये. यंत्राने निऱ्या मोजल्या, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्राआधीची वाट

यंत्र कितीही उत्तम असले तरी ते एका दारात उभे असते, आणि घातपात करणारा दुसरे दार शोधतो. याचा सर्वांत कटू धडा याच जिल्ह्याने घेतला आहे. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. ते कुणाच्या कपड्याआड नव्हते. उघड्या रस्त्याने वाहनांतून ते गेले. वाटेत अडवणारे होते, त्यांनी पैसे घेऊन वाट दिली. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पुढे खटल्यात सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही शिक्षा झाल्या. त्या रात्री रस्त्यावर जगातला सर्वांत महागडा स्कॅनर असता, तरी तो बंद करणारा हात त्याच्या शेजारीच उभा होता.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघांनी पिशव्यांतून आणलेल्या बंदुकांनी पन्नासहून अधिक माणसे मारली. कर्जतहून रोज त्या स्थानकात उतरणाऱ्या चाकरमान्यांना तिथली धातुशोधक चौकट चांगलीच परिचयाची आहे. सकाळी गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होतात, चौकटी एकसारख्या पिपी करतात आणि गर्दी पुढे सरकते. एवढ्या आवाजात कोणता आवाज महत्त्वाचा, हे कुणी ऐकायचे? आणि प्रत्येकाला चौकटीत क्षणभर उभे करायचे म्हटले तर सकाळची कचेरी दुपारी गाठावी लागेल. विमानतळाचा उपाय लोकलला लागू पडत नाही. तिथे खबर, गस्त आणि सहप्रवाशांची नजर हेच खरे साधन.

मानाचा प्रश्न

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीसंबंधीच्याच एका खटल्यात म्हटले होते की, आपल्या राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क वेगळा सांगितलेला नाही. त्या खटल्याचे नाव एम. पी. शर्मा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात ते मत मागे सारले आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर मर्यादा घालता येतात, पण तीन गोष्टी लागतात. आधाराला कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय प्रमाणात हवा. बॉडी स्कॅनरला याच फुटपट्टीने मोजायला हवे. चित्र साठवले जाते का? नको म्हणणाऱ्याला हाताच्या तपासणीचा पर्याय आहे का? कृत्रिम पाय, पोटावरची वैद्यकीय पिशवी, शस्त्रक्रियेनंतरचा पट्टा असलेल्या माणसाला चारचौघांत खुलासा करावा लागतो का? हे प्रश्न यंत्र घेण्याच्या निविदेत यायला हवेत. तक्रार आल्यावर विचारण्याचे हे प्रश्न नव्हेत.

यंत्राच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट सांगायला हवी. बाहुलीला जात नाही, पेहरावाचा धर्म नाही, बूट फाटके की नवे हे तिला दिसत नाही. शिपायाच्या हाताने कुणाला चाचपायचे ते निवडले. ही चौकट कुणालाही निवडत नाही, आत येणारा प्रत्येक जण तिला सारखाच. मोहाची टोपली घेतलेल्या ठाकर बाईला आणि हात वर करून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगाराला असा सारखेपणा कधी मिळाला नाही.

आजही तो सर्वांना मिळालेला नाही. मोठ्या गृहसंकुलांच्या फाटकावर घरकाम करून परतणाऱ्या बायकांच्या पिशव्या उघडून पाहिल्या जातात. त्याच फाटकातून मोटारी न थांबता बाहेर पडतात. विमानतळावर चार मिलिमीटरच्या लहरीने मान सांभाळायचा आणि सोसायटीच्या फाटकावर तो विसरायचा, अशी दोन मापे आपण रोज वापरतो. १८९८ च्या कलमातली सभ्यतेची अट पाळायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. पिशवी उघडायची असेल तर सगळ्यांची उघडावी, नाहीतर कुणाचीच उघडू नये. एवढे करायला फाटकावरचा माणूस पुरेसा आहे. त्याला तसे सांगणारे मात्र आपण आहोत.